वाकड्या मानेचा गळ

माश्या बांधायच्या कारखान्यात मला घेतलं ते माझ्या अंगठ्याच्या नखामुळे. शाळेचा कागद माझ्याकडे नव्हता. सहावीची परीक्षा द्यायच्या आधीच बाबांनी मला उसात घातलं होतं, आणि उसाचं काम नसेल तेव्हा त्यांच्याबरोबर आमच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावच्या खडकांवरून समुद्रात गळ टाकत मी मोठा झालो. कारखान्याच्या साहेबानं, आम्ही त्याला मिस्ये म्हणायचो, टेबलावर मूठभर बारीक गळ पसरले आणि विचारलं, यातले चांगले कुठले. मी एकेका गळाचं टोक नखावर टेकवून हलकेच ओढलं. चांगला गळ नखावर लगेच धरतो, बोथट असेल तो घसरतो. थोड्या वेळात मी दोन ढीग केले. त्यानं भिंग लावून दोन्ही ढीग बघितले, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाला, सोमवारपासून ये. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. परतताना बसमध्ये मी कुणाशी बोललो नाही. तोंड उघडलं असतं तर बढाईच बाहेर आली असती.

ज्यांनी तो कारखाना बघितला नाही त्यांना सांगायला हवं की या माश्या खोट्या. युरोपातल्या थंड नद्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा असतो. तो किडे खाऊन जगतो, आणि त्याला पकडायला लोक गळावर पीस, दोरा, सशाची लव, तांब्याची बारीक तार असं काय काय गुंडाळून किडा बनवतात. काही किडे पाण्यावर तरंगणारे, तर काही पाण्याखाली दगडागोट्यांतून वळवळणाऱ्या अळ्या. त्या अळीला निंफ म्हणायचे. आमच्या बेटावर ट्राउट नाही. आमच्यापैकी कुणी तो मासा डोळ्यांनी पाहिला नव्हता. ऑफिसातल्या कॅलेंडरवर लाल ठिपक्यांचा एक होता, तेवढीच आमची ओळख. जिनेत म्हणून एक क्रेओल बाई माझ्या कोठाराच्या दाराजवळच्या बाकावर बसायची, ती म्हणायची, "तिकडचा मासा पीस खातो बघ. आपल्याकडचा, पाव टाकला तरी आधी विचार करतो."

खिडक्यांच्या उजेडात वीसेक बायका रांगेनं बसायच्या. प्रत्येकीसमोर टेबलाला लावलेला छोटा शिकंजा, त्यात गळ धरलेला, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. माझं काम मागच्या कोठारात. कुठल्या माशीला कुठला गळ, तो मी निवडून, तपासून, डबीत घालून द्यायचा. गळांचे आकडे उलटे असतात, आकडा मोठा तितका गळ लहान. हे पचवायला मला दोन दिवस लागले, पण मी कुणाला विचारलं नाही. न विचारता शिकायचं ही माझी जुनी खोड. नखाची परीक्षा झाली की गळाचा डोळा बघायचा. तिथं बारीक फट राहिली असेल तर दोरी कापली जाते. मग गळ शिकंज्यात धरून नखानं छेडायचा. नीट पाणी दिलेला गळ टणत्कार देतो, कच्चा गळ मुका राहतो, जास्त तापलेला टचकन मोडतो. एकदा अशा ठिसूळ गळांची अख्खी पेटीच मी पकडली. मिस्येनं सगळ्या बायकांना काम थांबवायला लावून सांगितलं की या पोराच्या नजरेनं कारखान्याची अब्रू वाचवली. त्या एका वाक्यानं मला जेवढं बिघडवलं तेवढं दारूनंही कुणाला बिघडवलं नसेल. आज सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला सोपं आहे.

मी राहायला काकांकडे होतो, कारखाना होता त्याच गावात, व्हाकोआला. काका सरकारी कचेरीत शिपाई होते, पण चालणं बड्या साहेबाचं. घर पत्र्याचं, पुढं दोन खोल्या, मागं पडवीत स्वयंपाक. व्हाकोआची हवा म्हणजे ओली. सुरिनामला कपडे दुपारपर्यंत कडकडीत वाळायचे, इथं शनिवारी धुतलेला सदरा मंगळवारी अंगात घालताना गार लागायचा. सकाळी आधी पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, मग काकींच्या पाट्यावर खोबरं नि कोथिंबीर वाटल्याचा आवाज, मग रॉकेलच्या स्टोव्हची फुरफुर, आणि या सगळ्यांवर काकांचा खाकरा. गुरुवारी मासळी नाही. शनिवारी फराटे, म्हणजे आमच्याकडचे पराठे, आणि लाल भोपळ्याची भाजी. खारवलेला मासा तळला की शेजारचा कुंपणावरून विचारायचा, "आज कुणाकडं लग्न आहे का?" काकांचा नियम असा की बेटावरची क्रेओल बोली फाटकाबाहेर ठेवायची, ताटावर मराठीच बोलायची. आम्ही सगळे ताटावर गप्प बसायचो त्याचं अर्धं कारण ते होतं.

काकांची थोरली मुलगी मंजुळा, माझी अक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला बेटाच्या दुसऱ्या बाजूला, पांपलमूसला दिली होती. नवरा उसाच्या लॉरीखाली गेला, मूलबाळ नव्हतं. त्या घरात सासू अंथरुणाला खिळलेली, तीन दीर बिनलग्नाचे, आणि बाई म्हणून एकटी अक्का. दीड वर्ष तिनं ते घर ओढलं. मग एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन परत आली आणि म्हणाली, मी तिथं मरून जाईन. काकांनी तिला घरात घेतलं, पण सासरच्यांचे निरोप येत राहिले की सून आमची आहे, म्हातारीला बघायला पाठवा. अशात हा कारखाना उघडला आणि अक्काला तिथं जागा मिळाली. दोन वर्षांत ती सगळ्यांत चांगली बांधणारी झाली, आणि मिस्येनं तिला एका रांगेची प्रमुख केलं. तेव्हा काकांनी ताटावर सगळ्यांसमोर आपला शब्द सांगितला. "मंजुळे, तुझी कारखान्यातली जागा आहे तोवर सासरी मी सांगीन, पोरगी कामाला आहे, येणार नाय. जागा गेली तर माझ्याकडं सांगायला काही उरणार नाय. मग जावं लागेल." अक्कानं मान हलवली आणि भात वाढून घेतला. घरातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं. मलाही होतं.

आम्ही दोघं कारखान्याला चालत जायचो. वाटेत ती बोलायची आणि मी ऐकायचो. तिची बोटं मोठी सुरेख. तितराचं पीस मोडून त्यातले चार तंतू काढायचे, दोन बोटांत जुळवायचे आणि एकाच वेढ्यात अळीची शेपूट बसवायची, हे तिच्याइतकं सफाईनं मी पुढं कुणाला करताना पाहिलं नाही. तिला आणखी एक सवय होती, जी बाकी कुणाला नव्हती. नवा नमुना आला की ती तो चहाच्या पेल्यातल्या पाण्यात सोडून बघायची. "अरे सख्या, जी वस्तू पाण्यासाठी आहे ती कोरडी बघून काय कळणार?" जिनेत तिला चिडवायची, "मंजुळा, माशीला आंघोळ घालून झाली की पावडर पण लाव."

आता त्या पेटीकडे येतो. मिस्ये युरोपला गिऱ्हाइकांना भेटायला गेला होता. तो तिकडं असतानाच टपालानं एक नवी ऑर्डर आली, एका पाकिटात नमुन्याचा एकच निंफ, आणि मागोमाग विमानानं गळांची पेटी. माल लवकर पाठवायचा होता. मी पेटी उघडली आणि मला हसूच आलं. सगळे गळ बिघडलेले. दांडा सरळ येऊन डोळ्याजवळ मान वर मोडल्यासारखी वाकलेली, जणू कुणी प्रत्येकाला पकडीत धरून वाकवलं होतं. बाबांनी मला लहानपणी शिकवलं होतं की गळाचा डोळा, दांडा आणि ओढ एका रेषेत पाहिजे. मान वाकडी झाली की ओढ वाकडी लागते, गळ उघडतो आणि मासा जातो. मी नखावर टोक लावून बघितलं, टोक उत्तम होतं. छेडून बघितलं, आवाज स्वच्छ. म्हणजे पोलाद चांगलं आणि यंत्र चुकलं, असा मी निकाल दिला. पेटीवर जे छापलं होतं त्यात आकडा मला वाचता आला, शब्द नाही.

अक्का कोठारात आली. तिच्या हातात तो नमुना होता. त्याच्या मानेशी शिशाचा बारीक मणी बसवलेला, वर सशाची लव. तिनं तो माझ्या पुढ्यात धरला.

"याची पण मान वाकडीच आहे, सख्या."

"टपालात दबली असेल."

"आणि पेटीतल्या सगळ्यांची? त्या पण टपालात दबल्या?"

"यंत्र बिघडलं की एक नाय बिघडत, सगळेच बिघडतात. ठिसूळ पेटी आठवते ना?"

तिनं टेबलावरचा पेला ओढला, नमुन्याच्या डोळ्यात दोरा ओवला आणि तो पाण्यात सोडला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. मण्याच्या भारानं अळी खाली गेली आणि जाता जाता उलटी झाली. पाठ खाली, गळाचं टोक वर आभाळाकडं. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदाही तसाच.

"बघ," मी म्हणालो. "उलटा पडतो. बिघडलेला आहे म्हणून तर."

"दर वेळेला सारखाच उलटा पडतो," अक्का हळू म्हणाली. "बिघडलेली वस्तू दर वेळेला सारखी वागत नाय रे. कुणीतरी मुद्दाम केलंय असं वाटतं."

"मुद्दाम कोण मासा सोडायला गळ करेल?"

तिनं ऑर्डरचा कागद आणला. तिला थोडं वाचता यायचं. त्यात जिग असा शब्द होता आणि तो तिलाही कळला नाही. जिनेत दारातून म्हणाली की तो एक नाच असतो, म्हाताऱ्या गोऱ्यांचा, आणि दोन पावलं नाचून पण दाखवली. सगळ्या हसल्या. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "ऑफिसातल्या कारकुनाला सांगूया. तो मिस्येला तार करेल. दोन दिवस थांबू, मग बांधू."

इथं मी जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो. मी म्हणालो, "वाकड्या गळासाठी तार? तिकडं हसतील सगळे. म्हणतील, व्हाकोआत गळ ओळखणारा कुणी नाय. अक्का, मासे कुणी धरलेत, तू की मी? तुला माझ्यावर भरवसा नसेल तर सांग, मी उद्याच सुरिनामला जातो." हे मी कोठाराच्या दारात, वीस बायका ऐकत असताना म्हणालो. ती माझी मोठी बहीण, एका रांगेची प्रमुख, आणि मी तिला सगळ्यांसमोर एका नखाएवढ्या गळापायी खाली बघायला लावलं. तिचा माझ्यावर जीव होता. मी परत गेलो असतो तर माझ्या बाबांना काय वाटलं असतं हेही तिनं मनात धरलं असणार. तिनं पेल्यातून नमुना काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "बरं. तुझ्या बाबांचा हात तुझ्यात आहे. दे तुला योग्य वाटतील ते."

मी त्याच आकड्याचे सरळ मानेचे गळ काढून दिले. कुठला गळ वापरला त्या चिठ्ठीवर रांगेच्या प्रमुखाची सही लागायची. अक्कानं सही केली. बायकांनी दहा-बारा दिवस ते निंफ बांधले, इतके सुबक की कारकुनानं एक उचलून हातावर ठेवला तर तो जिवंत असावा असं वाटलं. वाकड्या मानेची पेटी मी कोठारात सगळ्यांत खालच्या फळीवर सारली. माल गेला. त्या आठवड्यात आमच्या घरी गणपती होता. काकींनी मोदक केले, देवळामागच्या अंगणात पोरांनी झाकडीचा नाच धरला, ढोलकीचा आवाज पार बसच्या रस्त्यापर्यंत जायचा. अक्कानं त्या दिवशी पिवळं लुगडं नेसलं होतं आणि आरतीला सगळ्यांत पुढं उभी राहिली. घरात परत आलेल्या पोरीला पुढं उभं राहता येतं ते तिच्या जागेमुळे, हे तिला माहीत होतं, काकांना माहीत होतं.

महिन्यानं माल परत आला. सगळाच्या सगळा. मिस्येही परतला होता. त्यानं सकाळीच खोका रांगेच्या मध्ये टेबलावर ठेवला आणि त्यातला एक निंफ चिमट्यात वर धरला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "गिऱ्हाइकानं स्वतःचे गळ पाठवले होते. मुद्दाम घडवून घेतलेले. ते कुठं गेले? हे कुणी निवडले?" मी कोठारात होतो, दाराकडं पाठ करून, एका डबीत हात घालून. त्या डबीत मला काही नको होतं. चिठ्ठी मिस्येच्या हातात होती. अक्का उठली आणि म्हणाली, "सही माझी आहे." मिस्येनं तिला ऑफिसात बोलावलं. दुपारी ती बाहेर आली ती आपली कात्री रुमालात गुंडाळूनच. जिनेतनं माझ्याकडं बघितलं आणि क्रेओलमध्ये एवढंच म्हणाली, "तुझी जीभ कुठं ठेवलीस?" त्या दिवसानंतर ती माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही.

मी का बोललो नाही हे मला पुष्कळदा स्वतःला विचारावं लागलंय. जागा जाईल ही भीती नव्हती, ते मी शपथेवर सांगतो. मला सुरिनामचा समुद्र होता, ऊस होता. वीस बायकांसमोर असं म्हणायचं की कोळ्याच्या पोराला गळ कळला नाही, ते माझ्या तोंडातून निघेना. एवढीशी गोष्ट. तिच्यापुढं अक्काचं सगळं आयुष्य मी दुसऱ्या पारड्यात ठेवलं आणि माझं पारडं जड झालं.

घरी काकांनी ऐकून घेतलं. त्यांनी अक्काला विचारलं, "चूक तुझी?" ती म्हणाली, "सही माझी." काका बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसले. मग म्हणाले, "मी दिलेला शब्द तुला माहीत आहे." ते वाईट माणूस नव्हते. शब्द मोडणं त्यांना जमत नसे, आणि आमच्या घराण्यातला हा हट्ट माझ्यातही आला आहे म्हणून मला त्यांच्यावर रागावता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांपलमूसला निरोप धाडला.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मी मिस्येच्या ऑफिसात गेलो. कॅलेंडरवरचा मासा माझ्याकडं बघत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि मला वाटलं आता तो उठून मला हाकलून देईल. तो म्हणाला, "मला माहीत होतं. जी बाई माशी आधी पाण्यात सोडून बघते, ती हे करणार नाही. पण गिऱ्हाइकाला मी लिहून कळवलंय की जबाबदार माणूस काढलाय. तिच्या जागेवर सोमवारी दुसरी येतेय. आणि तुला काढून मी काय करू? गळ ओळखणारा दुसरा मला कुठं मिळणार? तू ही चूक आता कधी करणार नाहीस." मी म्हणालो, "मग मी जातो, तिला घ्या." तो म्हणाला, "तू गेलास तरी ती येणार नाही. जायचं तर जा." मी घरी येऊन काकांना सांगितलं. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली नाही, ते मला लागलं. एवढंच म्हणाले, "चार दिवस झाले, सख्या. तिचे दीर उद्या घ्यायला येतायत. मी आता त्यांना कुठल्या तोंडानं परत पाठवू?" अक्का पडवीत पेटी भरत होती. तिनं सगळं ऐकलं असणार, पत्र्याच्या घरात लपत काही नाही. ती बाहेर आली नाही.

मी कारखान्यात राहिलो. अकरा वर्षं. हे मी अभिमानानं लिहीत नाही आणि लपवतही नाही. मिस्येनं मला नीट समजावलं की ट्राउट पाण्याच्या तळाशी, दगडांना धरून खातो. सरळ गळ तिथं खाली टोक करून जातो आणि दगडात अडकतो. मान वाकवून तिथं मणी बसवला की अळी उलटी पोहते, टोक वर राहतं, दगड चुकतो आणि माशाचा वरचा जबडा सापडतो. त्या क्षणी मला सुरिनामचं प्रवाळ आठवलं. आम्ही बापलेकांनी त्या प्रवाळात किती गळ गमावले असतील याला हिशोब नाही. बाबा पाण्यात उतरून, पाय कापून घेऊन गळ सोडवायचे. टोक वर करून जाणारा गळ कुणी आमच्या हातात दिला असता तर आम्ही त्याची पूजा केली असती. तो गळ माझ्या हातात आला होता, अक्कानं तीनदा पाण्यात सोडून दाखवला होता, आणि मी म्हणालो बिघडलेला आहे. पुढं असे जिग गळ नेहमीचे झाले. मान किती अंशात वाकलेली हवी, मण्याची खाच त्या वाकात नीट बसते का, आखूड दांडा घ्यायचा की लांब, टोक किंचित आत वळलेलं बरं की सरळ, हे माझ्याइतकं कुणाला कळत नसे. परदेशी गिऱ्हाईक आलं की मिस्ये त्याला आधी माझ्या कोठारात आणायचा. प्रत्येक नवी पेटी आली की मी त्यातला एक गळ बांधून घेऊन पेल्यात सोडायचो. ती सवय मी कुणाची उचलली हे मी कुठल्याही पाहुण्याला सांगितलं नाही.

पांपलमूसला मी गेलो तो अक्काची सासू वारल्यावर, तेराव्याला. मधल्या वर्षांत सणासुदीला भेट व्हायची, पण चार माणसांत. त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर ती मागच्या अंगणात भांडी विसळत होती. केस पुष्कळ पिकले होते. सासूला वळवून, उचलून तिची बोटं गाठींची झाली होती. ते हात बघून मी पाट ओढून तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "अक्का, त्या गळांचं..."

"काय त्या गळांचं?"

"मी निवडले होते. तुझी चूक नव्हती."

"हे तू मला सांगतोस?" ती म्हणाली. रागानं नाही. हातातलं पातेलं तिनं उपडं ठेवलं. "गळ चुकला त्याचं मला काही नाय रे. गळ कुणाचाही चुकतो. मी पण सही केली, मला तार करायला हवी होती. त्याचा राग माझ्यावर आहे, तुझ्यावर नाय."

"मग?"

"मी म्हणाले, सही माझी आहे. मग थांबले. मुद्दाम थांबले. मिस्येनं पण थांबून विचारलं, अजून काही सांगायचं आहे का कुणाला? कुणाला, असं म्हणाला तो, सगळ्यांकडं बघून. मी मनात म्हटलं, आता येईल सख्या बाहेर." तिनं ओले हात पदराला पुसले. "भात आहे उरलेला. खाऊन जा. बस उशिरा आहे."

मी भात खाल्ला. तिनं वर वरण वाढलं, लिंबाचं लोणचं वाढलं, काकींची तब्येत विचारली. अक्का आता हयात नाही. ते प्रकरण तिनं पुन्हा काढलं नाही आणि मलाही काढू दिलं नाही.

मागं मी त्या सकाळबद्दल लिहिलं, त्यात मिस्येचा तो शेवटचा प्रश्न लिहिला नाही. वाचणाऱ्याला वाटेल की मला तो अक्कानंच पांपलमूसला सांगितला. तसं नाही. कोठाराचं दार उघडं होतं आणि मी दहा पावलांवर होतो. मी तो प्रश्न ऐकला होता, आणि त्याच्यानंतरची शांतताही पूर्ण ऐकली होती, जिनेतच्या शिकंज्याचा स्क्रू सैल होऊन गळ टेबलावर पडला तो आवाज येईपर्यंत.